६३० अँपिअरच्या ब्रेकरला फ्लेक्झिबल कॉपर बसबार: तक्त्यातला आकडा कसा वाचायचा?

तुमची अडचण मला समजली ती अशी: मुख्य बसबारपासून ६३० अँपिअरच्या एमसीसीबीपर्यंत (मोल्डेड केस सर्किट ब्रेकर) आत्ता प्रत्येक फेजला १५० चौरस मिमीच्या दोन केबल आहेत. जागा अपुरी आहे, केबल हव्या तशा वळत नाहीत, लगवर (केबलच्या टोकाच्या जोडतुकड्यावर) ताण येतो. म्हणून त्या जागी फ्लेक्झिबल इन्सुलेटेड कॉपर बसबार टाकायचा विचार आहे. पुरवठादाराने ३२ मिमी रुंदीची, १ मिमीचे ५ थर असलेली पट्टी सुचवली आहे आणि त्याच्या तक्त्यात तिच्यासमोर ६३० अँपिअर छापलेलं आहे. तुमचा प्रश्न हा की ३०० चौरस मिमी तांब्याचं काम १६० चौरस मिमी कसं करेल?

आधी उत्तर देतो, मग कारणं. फ्लेक्झिबल पट्टी या जागेला अगदी योग्य आहे. पण सुचवलेली ती एकेरी पट्टी ६३० अँपिअरच्या सततच्या भाराला मी लावणार नाही.

पुरवठादार खोटं बोलतोय असं मात्र नाही. तो आकडा एका अटीवर खरा आहे आणि ती अट बहुतेक वेळा तक्त्याच्या तळाशी बारीक अक्षरात असते. पट्टीला स्वतःचा असा अँपिअरचा आकडा नसतोच. अमुक इतका प्रवाह सोडला तर ती भोवतालच्या हवेपेक्षा अमुक इतके अंश जास्त तापेल, एवढंच तक्ता सांगत असतो. त्यामुळे खरा प्रश्न ‘पट्टी किती अँपिअर वाहते’ हा नाही. तुमच्या पॅनेलच्या आत, तुमच्या ब्रेकरच्या टर्मिनलवर किती तापमान होईल, हा आहे.

कमी तांब्यात जास्त प्रवाह कसा जातो ते पाहू. ही पट्टी म्हणजे इलेक्ट्रोलिटिक तांब्याचे पातळ पत्रे एकावर एक ठेवून त्यावर पीव्हीसीचं किंवा तत्सम आवरण. आवरण साधारण २ मिमी जाड असतं आणि आतले थर त्यात सरकू शकतात. तुमच्या ३२ बाय ५ च्या पट्टीचा आवरणासकट घेर होतो सुमारे ९० मिमी. १५० चौरस मिमीच्या एकेरी केबलचा बाहेरचा व्यास २० मिमीच्या आसपास, म्हणजे घेर ६३ मिमी. तांब्याच्या प्रमाणात पाहिलं तर पट्टीला उष्णता बाहेर टाकायला साधारण तिसऱ्या हिश्श्याने जास्त पृष्ठभाग मिळतो. चपट्या आकाराचा फायदा इतकाच. उरलेला मोठा फरक येतो तो आवरणाच्या तापमानमर्यादेतून. साध्या पीव्हीसी केबलची मर्यादा ७० अंश, या पट्ट्यांची बहुधा १०५ अंश. पट्टीला जास्त तापण्याची परवानगी आहे म्हणून तिच्यासमोर जास्त अँपिअर लिहिता येतात. ती उष्णता नाहीशी झालेली नसते, ती तुमच्या पॅनेलमध्येच राहते.

आता तक्त्याकडे या. त्यात बहुतेक ३०, ५० आणि ७० केल्व्हिन (म्हणजे तितकेच अंश सेल्सिअस) अशा तापमानवाढीचे वेगवेगळे रकाने असतील. ३२ बाय ५ च्या पट्टीला ६३० अँपिअर हा आकडा मला ७० च्या रकान्यातलाच वाटतो, तेवढं तपासून घ्या. तसं असेल तर हिशोब सोपा आहे. भार असताना बंद पॅनेलच्या आतली हवा ५५ अंशांवर जाणं मुळीच नवलाचं नाही. ५५ अधिक ७० म्हणजे १२५. आवरणाची मर्यादा १०५. इथेच विषय संपतो. ५५ अंशांच्या हवेत तुम्हाला जास्तीत जास्त ५० चा रकाना वापरता येईल, आणि तोही मर्यादेला टेकून. तापमानवाढ साधारण प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, त्यामुळे ७० ला ६३० असलेली पट्टी ५० ला सव्वापाचशेच्या आसपास येते आणि ३० ला चारशेच्या आसपास. एकच पट्टी, एकच तांबं, आणि तीन वेगळे आकडे. म्हणून कोणी नुसतं ‘ही सहाशेतीसची पट्टी’ म्हणालं की मी पहिल्यांदा विचारतो, किती तापमानवाढीला आणि किती तापमानाच्या हवेत?

एवढं झाल्यावरही एक बाजू उरते आणि पॅनेल बनवणारे अनुभवी लोकसुद्धा ती विसरतात. ब्रेकर स्वतः उष्णता निर्माण करतो आणि त्यातली बरीचशी टर्मिनलमधून जोडलेल्या तांब्यात जाते. म्हणजे जोडणी नुसती प्रवाहाची वाट नाही, ब्रेकरची उष्णता बाहेर काढायची वाटही तीच आहे. आयईसी ६०९४७ या मानकात ब्रेकरची तापमान चाचणी कोणत्या मापाच्या वाहकांनी करायची ते ठरवून दिलेलं आहे. ६३० अँपिअरला ब्रेकरच्या प्रत्येक पोलला (एका फेजच्या टर्मिनलला) १८५ चौरस मिमीच्या दोन केबल, किंवा ४० बाय ५ च्या दोन तांब्याच्या पट्ट्या. म्हणजे ३७० ते ४०० चौरस मिमी. ब्रेकरवर छापलेले ६३० अँपिअर एवढ्या तांब्याच्या सोबतीने सिद्ध झालेले आहेत. त्याला १६० चौरस मिमीची आणि स्वतःच शंभर अंशांवर तापलेली पट्टी लावली तर उष्णता उलट ब्रेकरकडे येऊ लागते. मग थर्मल रिलीज (उष्णतेने चालणारी तोडयंत्रणा) असलेला ब्रेकर भार मर्यादेत असूनही पडतो आणि दोष ब्रेकरला दिला जातो.

जाता जाता सांगतो, १५० च्या दोन केबल हे त्याच तक्त्यात ५०० अँपिअरचं माप आहे. तुमची आत्ताची जोडणीसुद्धा पूर्ण ६३० साठी थोडी अपुरीच होती. आजवर त्रास झाला नसेल तर भार तेवढा जात नसावा.

फरक किती पडतो ते वॅटमध्ये पाहा. २० अंशांना तांब्याची प्रतिरोधकता ०.०१७२४ ओहम चौरस मिमी प्रति मीटर, आणि दर अंशाला ती साधारण ०.४ टक्क्याने वाढते. १६० चौरस मिमीची पट्टी १०५ अंशांवर ६३० अँपिअर वाहताना मीटरमागे सुमारे ५७ वॅट उष्णता काढते. ७० सेंटिमीटरच्या तीन पट्ट्या धरल्या तर सुमारे १२० वॅट. त्याच जागी फेजला ४० बाय ५ च्या दोन पट्ट्या घातल्या आणि त्या ७० अंशांवर राहिल्या, तर तोच हिशोब सुमारे ४३ वॅटवर येतो. एका फीडरमागे (अशा एका ब्रेकरच्या जोडणीमागे) ७७ वॅट कमी. पॅनेलमध्ये असे चार फीडर असतील तर आतल्या हवेचं तापमानच बदलतं आणि तुमचे सगळे रकाने पुन्हा सैल होतात.

मग कोणती पट्टी घ्यायची? इथे मोजपट्टी घेऊन ब्रेकरसमोर उभं राहावं लागतं. या मापाच्या बऱ्याच ब्रेकरमध्ये पोलमधलं अंतर ४५ मिमीच्या आसपास असतं. तिथे ४० मिमी रुंदीची पट्टी सरळ लावली तर दोन फेजच्या उघड्या तांब्यात ५ मिमी उरतात, आणि तेवढं अंतर मला अजिबात मान्य नाही. ३२ ची लावली तर १३ मिमी उरतात, त्यात फेज बॅरियर (फेजमधला इन्सुलेशनचा पडदा) बसतो. म्हणून दोन मार्ग आहेत. स्प्रेडर टर्मिनल लावून पोलमधलं अंतर वाढवा आणि ४० बाय ५ च्या दोन पट्ट्या वापरा. किंवा स्प्रेडरला जागा नसेल तर ३२ मिमी रुंदीच्याच, ५ थरांच्या दोन पट्ट्या टर्मिनलच्या दोन्ही बाजूंना एकेक अशा लावा. दुसऱ्या मार्गाने ३२० चौरस मिमी मिळतात. माझ्या मते सतत ५०० अँपिअरपर्यंतच्या भाराला ते चांगलं आहे. त्यापुढे जायचं असेल तर स्प्रेडर घ्याच. ब्रेकरची रचना दोन्ही बाजूंनी पट्टी घ्यायला परवानगी देते का, हे त्याच्या पुस्तिकेत बघा.

दोन पट्ट्या म्हणजे दुप्पट प्रवाह मात्र नव्हे. एकमेकींना चिकटून गेल्या तर समोरासमोरची तोंडं उष्णता टाकू शकत नाहीत. निदान एका पट्टीच्या जाडीइतकी फट ठेवा आणि तरीही एकेरीच्या दीड ते पावणेदोन पटच धरा.

हे सगळं तुमच्या खऱ्या भारावर अवलंबून आहे. ६३० चा ब्रेकर बसवला म्हणून ६३० चा भार असतोच असं नाही. सतत चालणारा प्रवाह ३५० असेल तर सुचवलेली एकेरी पट्टीही तापमानाच्या हिशोबात बसू शकते. फक्त मग ब्रेकरचं सेटिंग त्या प्रमाणात खाली आणून ठेवा, म्हणजे उद्या कोणी भार वाढवला तर पट्टी जळायच्या आधी ब्रेकर पडेल. भारात व्हीएफडी (मोटरचा वेग बदलणारे ड्राइव्ह) किंवा यूपीएस जास्त असतील तर हार्मोनिक्सचाही, म्हणजे ५० हर्ट्‌झच्या पटीतल्या जादा प्रवाहांचाही, विचार करा. पट्टी थराथरांची आहे म्हणून तिला स्किन इफेक्ट (एसी प्रवाह वाहकाच्या पृष्ठभागाकडे एकवटणं) लागू नाही, असं मी बऱ्याचदा ऐकतो. ते चूक आहे. थर एकमेकांना टेकलेले असतात आणि आलटूनपालटून जागा बदलत नाहीत, म्हणून विजेच्या दृष्टीने तो एक भरीव ठोकळाच. प्रवाह पृष्ठभागापासून जितका आत शिरतो ती खोली ५० हर्ट्‌झला तांब्यात सुमारे ९.३ मिमी असते, त्यामुळे ५ मिमी जाडीला फरक पडत नाही. पाचव्या हार्मोनिकला, म्हणजे २५० हर्ट्‌झला, ती ४.२ मिमीवर येते आणि जाड गठ्ठ्यात फरक जाणवू लागतो. अशा ठिकाणी १० थरांच्या एका पट्टीपेक्षा फट ठेवून लावलेल्या ५ थरांच्या दोन मला जास्त पटतात. एकफेजी इलेक्ट्रॉनिक भार बराच असेल तर न्यूट्रलची पट्टी फेजपेक्षा लहान घेऊ नका.

शॉर्ट सर्किटबद्दल तुम्ही काहीच लिहिलेलं नाही, आणि मला सगळ्यात जास्त काळजी त्याचीच आहे. समजा मुख्य बसबारवर फॉल्ट लेव्हल, म्हणजे शॉर्ट सर्किटमध्ये वाहू शकणारा प्रवाह, २५ किलोअँपिअर आहे. आयईसी ६१४३९ प्रमाणे त्याचं शिखर २.१ पट, म्हणजे ५२.५ किलोअँपिअर धरायचं. शेजारच्या दोन फेजच्या पट्ट्या ५० मिमी अंतरावर असतील तर त्या क्षणी त्यांच्यामधला जोर मीटरमागे ११ हजार न्यूटन होतो. टनभर वजनाच्या बरोबरीने एक पट्टी दुसरीला झटकते. अंतर दुप्पट केलं तर जोर निम्मा होतो. केबलसारखीच ही पट्टीसुद्धा स्वतःच्या बळावर उभी राहत नाही, तिला आधार लागतो. क्लॅम्प किती अंतरावर घ्यायचे हे उत्पादकाने त्या फॉल्ट लेव्हलला चाचणी करून दिलेल्या तक्त्यातूनच घ्या, अंदाजाने नको. आणि मऊ प्लास्टिकच्या केबल टायने बांधून क्लॅम्पचं काम होत नाही.

उष्णतेच्या बाजूने ढोबळ तपासणी अशी: २५ किलोअँपिअर पूर्ण एक सेकंद वाहिला तर पीव्हीसी आवरणाच्या तांब्याला, ७० अंशांपासून सुरुवात धरून, सुमारे २१७ चौरस मिमी लागतात. सुचवलेली पट्टी त्यात बसत नाही. पुढचा एमसीसीबी काही मिलिसेकंदांत फॉल्ट तोडतो, म्हणून त्याच्या पुढच्या बाजूच्या वाहकांना ही अडचण येत नाही. पण तुमचा हा तुकडा ब्रेकरच्या मागे, पुरवठ्याच्या बाजूला, आहे. त्या तुकड्यातच फॉल्ट झाला तर तो वरचा ब्रेकर तोडणार. आयईसी ६१४३९ इथे एक सवलत देतं: तुकडा ३ मीटरच्या आत असेल आणि तिथे शॉर्ट सर्किट होण्याची शक्यताच जवळपास राहणार नाही अशा तऱ्हेने वाहक निवडून बसवले असतील, तर त्यांना पुढच्या ब्रेकरने मर्यादित केलेल्या प्रवाहाप्रमाणे धरता येतं. त्या सवलतीचा अर्थ असा की आवरण कुठेही कापलेलं नको, धारदार कडेला टेकलेलं नको आणि क्लॅम्प जागच्या जागी हवेत. पुढचं सगळं त्यासाठीच लिहितोय.

कामाचा क्रम: आधी वळवा, मग टोकं कापा, मग आवरण सोला, शेवटी भोकं पाडा. भोकं आधी पाडली तर काय होतं ते वही वाकवून पाहा. पानांच्या कडा तिरक्या होतात, तसेच थर सरकतात. १ मिमीच्या ५ थरांना ९० अंशांचा एक वळसा दिला की सगळ्यात आतला आणि बाहेरचा थर यांच्यात ६ मिमीहून जास्त फरक पडतो. १० थर असतील तर १४ मिमी. आधी पाडलेली भोकं मग एकमेकांसमोर राहत नाहीत. बोल्ट जावा म्हणून कोणीतरी गोल कानस फिरवतो आणि संपर्काचं क्षेत्रफळ कमी करून बसतो. झेड आकारात दोन उलट वळसे असतील तर हा फरक आपोआप मिटतो, यू आकारात दुप्पट होतो. वळशाची आतली त्रिज्या निदान पट्टीच्या जाडीइतकी ठेवा आणि एकदा वळवलेली जागा पुन्हा सरळ करून परत वळवू नका, तांबं तिथे कडक होतं.

सोलायला सुरी चालवू नका. सुरीचा चरा बाहेरच्या थरावर उठतो आणि वळशाजवळ असेल तर तिथूनच थर तडकतो. योग्य हत्याराने फक्त जोडाच्या लांबीपेक्षा काही मिमी जास्त सोला. भोकासाठी ड्रिलपेक्षा पंच आणि डाय बरी. ड्रिल करायचंच असेल तर पट्टी दोन जाड पट्ट्यांमध्ये घट्ट आवळून करा, नाहीतर प्रत्येक थराच्या काठाला बर (धातूची खरखरीत कड) येते आणि थरांमध्ये कीस अडकतो. मग जोड आवळला तरी थर एकमेकांना नीट टेकत नाहीत.

जोडाबद्दल एक उदाहरण देतो. एका तपासणीत तीनपैकी मधल्या फेजचं टर्मिनल बाकीच्यांपेक्षा बरंच गरम दिसत होतं. बोल्ट टॉर्कप्रमाणे आवळलेला होता, त्यावर खूणही होती. बोल्ट काढल्यावर दिसलं की फेजचा रंग दाखवायला चढवलेल्या हीट श्रिंक नळीची जेमतेम २ मिमीची कड वॉशरखाली गेली होती. ती कड तपकिरी होऊन काचेसारखी कडक झाली होती आणि तांब्यावर संपर्काचा चकचकीत ठसा फक्त अर्ध्याच भागात उमटला होता. टॉर्क रेंचने आकडा बरोबर दाखवला, कारण प्लास्टिकही बोल्टला विरोध करतं. ६३० अँपिअरला जोडाचा रोध ५ मायक्रोओहम असेल तर २ वॅट उष्णता होते आणि १०० मायक्रोओहम झाला तर ४० वॅट, तीही अंगठ्याएवढ्या जागेत. त्या नळीचं टोक जोडापासून लांब ठेवा.

पातळ थर मऊ असतात, लहान वॉशरखाली ते वाटीसारखे खोल जातात. म्हणून पट्टीच्या जवळपास पूर्ण रुंदीचा जाड सपाट वॉशर किंवा दाबपट्टी वापरा, त्यावर शंकूच्या आकाराचा स्प्रिंग वॉशर आणि ८.८ प्रतीचा बोल्ट. टॉर्क ब्रेकरच्या पुस्तिकेतला घ्या, सर्वसाधारण बोल्टच्या तक्त्यातला नको, कारण ब्रेकरचं टर्मिनल तेवढा जोर सोसेलच असं नाही. मुख्य बसबार अॅल्युमिनियमचा असेल तर कल्हई केलेली पट्टी आणि अॅल्युमिनियम-तांब्याच्या जोडाचं संयुग किंवा बायमेटल वॉशर वापरा.

पट्ट्या लोखंडी पत्र्यातून नेत असाल तर तिन्ही फेज आणि न्यूट्रल एकाच खिडकीतून न्या. प्रत्येकीला वेगळं भोक पाडलं तर मधला पत्रा भोवऱ्याच्या प्रवाहाने तापतो आणि पट्टीचं आवरण नेमकं तिथे भाजतं. खिडकीच्या कडेला रबराची किनार लावा.

ही पट्टी वळवून बसवण्यासाठी लवचीक आहे, सतत हलण्यासाठी नाही. जनरेटर किंवा ट्रान्सफॉर्मरच्या टोकाशी जिथे कायम कंपन आहे, तिथे वेणीचा किंवा टोकं दाबून जोडलेला पातळ थरांचा लिंक लावतात. पॅनेलच्या बाहेर, उघड्यावर केबलसारखी ओढण्यासाठीही ही नाही.

बसवून झाल्यावर एवढं कराच: पॅनेल नेहमीच्या भाराला, दारं बंद ठेवून, तापमान तासाला १ अंशापेक्षा कमी वाढू लागेपर्यंत चालू ठेवा. आतल्या हवेचं, पट्टीच्या मध्याचं आणि प्रत्येक टर्मिनलचं तापमान चिकटवलेल्या थर्मोकपलने (तापमान मोजणाऱ्या तारेने) नोंदवा. चकचकीत तांब्यावर थर्मल कॅमेरा फसवा आकडा देतो. नोंदवेळी भार ४५० असेल तर ६३० साठी तापमानवाढ सुमारे दुप्पट धरा. तीन फेज एकसारख्या हव्यात. सगळी पट्टी सारखी तापली असेल तर तांबं कमी पडतंय. एकच टर्मिनल पट्टीच्या मध्यापेक्षा ठळक गरम असेल तर जोड खोलून पाहा. तिन्ही टर्मिनल पट्टीपेक्षा गरम असतील तर उष्णता ब्रेकरकडून येते आहे, तेव्हा त्याचं सेटिंग आणि पॅनेलची हवा आधी बघा.

तुमचा सततचा भार, मुख्य बसबारवरची फॉल्ट लेव्हल आणि ब्रेकरच्या पोलमधलं अंतर कळवा. त्या तीन गोष्टी कळल्या की ३२ च्या दोन की स्प्रेडरसह ४० च्या दोन, हे नक्की सांगता येईल.